डावी बाजू राहून गेली

मित्रांनो, मी एक जुनी खरवडणी आहे. नारळाची नव्हे, दातांच्या मुळांची. पोलादाची, दोन्ही टोकांना वाकडी. बरपालीच्या बाजारात डॉक्टर बिष्णुप्रिया मेहेर यांच्या दवाखान्यात मी एकोणीस वर्षं काढली. धार लावून लावून निम्मी झिजले. मध्ये पाण्याचा फवारा मारणारं, गुणगुणणारं यंत्र आलं, तेव्हा वाटलं, संपलं आपलं. पण बाईंनी दोघांचंही काम मोजून पाहिलं. यंत्र लवकर उरकतं, मला वेळ लागतो. तीन महिन्यांनी हिरड्या मात्र दोघांच्याही सारख्याच आवळलेल्या निघाल्या.

इकडे माणसं तंबाखू-गुळाचा काळा गुडाखू दिवसभर बोटानं हिरड्यांना चोळतात आणि त्याला दातांचं औषध म्हणतात. चोळताना त्यांच्याइतकं सुखी कोणी दिसत नाही. आमच्या खुर्चीत तोंड उघडलं की तेवढं केविलवाणंही कोणी नसतं.

कैबल्य सुना मुहुरी, सनईसारखं फुंकायचं वाद्य, वाजवायचा. नुआखाईला, नव्या तांदळाच्या सणाला, तिचा सूर निघाल्याशिवाय गावात कोणाचा पाय उचलत नसे. खालचे पुढचे दात हलू लागले आणि फुंकर डळमळली, तेव्हा तो आला. बाईंनी बारीक सळईनं दात आणि हिरडी यांमधली खोली मोजली. तीन मिलिमीटरपर्यंत चालते, याची दोन्हीकडे सहा, सात भरली. आज उजवी बाजू, पंधरवड्यानं डावी, आणि गुडाखू बंद, असं ठरलं.

उजवीकडे मी उतरले. मुळांना चिकटलेला काळा थर खरवडून काढला.

चौथ्या दिवशी तो बायकोला, तुळसाला, घेऊन आला. पाण्यात भिजवलेला गार पखाळभात तोंडात घेतला की कळ जाते, दातांत फटी पडल्या, त्यांतून फुंकर निसटते, ही तक्रार.

"मा, तुम्ही माझे दात तासले," तो बाईंना म्हणाला.

"दात नाही, भाई, वरचा दगड काढला. हिरडीची सूज उतरली म्हणून फट दिसते."

"दगडानं दात धरून तरी ठेवले होते."

"गुडाखूची डबी दिवसातून आठदा उघडता," तुळसा म्हणाली, "आणि दोष हत्याराला."

कळ थोड्या आठवड्यांत जाईल, डावी बाजू करून घ्या, असं बाईंनी परोपरीनं सांगितलं. तो फिरकला नाही. उजवीकडे बोट लावायची त्याला भीती बसली, म्हणून गुडाखू डावीकडेच चोळू लागला, दुप्पट.

दोन वर्षांनी आला तो गमछ्याच्या गाठीत डावीकडचे पुढचे दोन दात बांधून. बाईंनी उजवीकडे मोजलं. तीन, तीन, चार. तिथले दात घट्ट उभे.

"हे कशानं राहिले?" त्यानं विचारलं.

बाईंनी मला उचलून दाखवलं. "हिनं साफ केलं, आणि तुम्ही भीतीनं हात लावला नाही म्हणून." एकोणीस वर्षांतलं माझं एवढंच कौतुक.

"मग आता डावीकडे करा."

"तिथे आता मूळच नाही, भाई."

त्या नुआखाईला कैबल्यनं झांज वाजवली. मुहुरीवाला दुसऱ्या गावाहून आणला होता; लोक त्याच्या सुरावरही नाचले.

आता मला धार लागत नाही. मी खणात पडून असते. मित्रांनो, सफाईनंतर जी फट दिसते ती माझ्यामुळे पडलेली नसते. ती आधीचीच, दगडानं बुजलेली असते. मला नावं ठेवायची तर खुशाल ठेवा, पण दुसऱ्या खेपेला या.