काचेवरची रांगोळी

मित्रांनो, मी काच आहे. खिडकीची नाही, आरशाची तर नाहीच नाही. बोटभर लांबीची पट्टी, एका टोकाला नंबर आणि मधोमध नखाएवढा गुलाबी-जांभळा डाग. तो डाग म्हणजे डिंगोऱ्याच्या प्रतिभाच्या गळ्यातल्या गाठीचा पापुद्रा. मला जुनी म्हणायचं का, ते तुम्हीच ठरवा. माझं वय दोन वर्षं. पण प्रतिभा आता नाही आणि मी आहे, म्हणजे मी जुनीच की!

माझा जन्म प्रयोगशाळेतला. तिथं गाठीचा तुकडा मेणाच्या वडीत बसवला, कांद्याच्या सालीहून पातळ कापला, कोमट पाण्यावर तरंगवला आणि माझ्या अंगावर उचलून घेतला. मग दोन रंगांत बुडवलं आणि वर आणखी एक पातळ काच चिकटवली. दुखलं का, असं विचाराल. नाही दुखलं. मला दुखत नाही. आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढं वाट बघत बसू नका.

प्रतिभाचा नवरा गोरख मला शर्टाच्या खिशात घालून पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांकडं गेला. डॉक्टर सूक्ष्मदर्शकात बघून शेजारच्याला म्हणाले, "छान झालीय स्लाईड. सगळं स्पष्ट दिसतंय." माझ्या आयुष्यातलं ते पहिलं कौतुक! गोरखनं बाहेर येऊन लगेच घरी फोन लावला. "डॉक्टर छान म्हनले," तो म्हणाला. छान मी होते, मित्रांनो. गाठ छान नव्हती. ते त्याला तासाभरानं कळलं.

पुढच्या श्रावणात प्रतिभा गेली. तिच्या साड्या वाटल्या, अस्थी नदीत सोडल्या. मी प्लॅस्टिकच्या डबीत, दवाखान्याच्या पिशवीत, कपाटावर पडून राहिले. कुणी मला विचारलं नाही. घरात तसं कुणी कुणालाच काही विचारत नव्हतं. गोरख जेवायचा, पण भाजी कसली होती ते त्याला सांगता आलं नसतं. त्यांची नववीतली मुलगी संस्कृती शाळेत जायची, यायची, कपडे घडी करायची. रडताना काही ती मला ऐकू आली नाही.

वर्षश्राद्ध जवळ आलं. गोरखच्या आत्या बयाबाई आवराआवरीला आल्या आणि त्यांच्या हाताला ती पिशवी लागली.

"ह्ये काय गं?"

"आईची स्लाईड आहे, बयाआजी. तपासायला काढलेला तुकडा असतो ना, तो."

बयाबाईंनी मला पटकन खाली ठेवलं. "म्हंजी समदी नदीत गेली आन एवढी हितं ऱ्हायली? आगं, जीव अडकून ऱ्हायल न्हवं तिचा! शनवारी श्राद्ध हाय. ही पन सोडू पाण्यात."

"मला पाहिजे ती."

"काचेचं काय करतीस?"

संस्कृतीनं वडिलांकडं बघितलं. गोरख भिंतीकडं बघत म्हणाला, "बघा तुमी."

दुसऱ्या दिवशी मी कंपासपेटीत बसून शाळेत गेले. विज्ञानाच्या प्राची मॅडमनी सूक्ष्मदर्शकावरची धूळ झटकली, मला खाली सरकवलं आणि भिंगाला फोन लावून चित्र पडद्यावर घेतलं. खरं सांगू? मी स्वतःला पहिल्यांदाच बघितलं. एका बाजूला गोल गोल खोल्या, प्रत्येकीत गुलाबी पाक भरलेला, कडेनं जांभळ्या ठिपक्यांची माळ. दुसऱ्या बाजूला मात्र गोल मोडलेले. नुसते ठिपके, बेल्ह्याच्या बाजारात गुरं दाटावीत तसे एकमेकांच्या अंगावर चढलेले.

"गुलाबजामाची ताटली!" मागून सूरज ओरडला. वर्ग हसला.

"माझी आई आहे ती," संस्कृती म्हणाली.

सूरजनं जीभ चावली. मग तीच म्हणाली, "हसा की, राव. तिलापण गुलाबजाम लई आवडायचे."

मॅडमनी गोल खोल्यांवर बोट ठेवलं. "हा निरोगी भाग. आणि हा गाठीचा."

"दोन्हीचा फोटो द्या, मॅडम. नदीत जाणारे ती."

शनिवारी सकाळी, पाहुणे यायच्या आधी, संस्कृतीनं दारापुढचं अंगण सारवलं, मला तुळशीच्या कट्ट्यावर ठेवलं आणि फोन बघत बघत रांगोळी काढली. गोल खोल्या, गुलाबी पाक, जांभळी माळ. दाटलेले ठिपकेसुद्धा तिनं सोडले नाहीत. चिमटीनं एकेक टाकले. अंगणभर मीच मी!

बयाबाई बाहेर आल्या आणि जागच्या जागी थांबल्या.

"आगं ए! श्राद्धाला कुनी दारात रांगोळी काढतं व्हय? सन हाय का आज? लोक काय म्हनतील?"

हे संस्कृतीच्या लक्षातच आलं नव्हतं. रांगोळी आई शिकवायची. श्राद्धाला ती काढायची नसते, हे शिकवायची वेळ कधी आलीच नव्हती.

बयाबाईंनी पुसायला पाय पुढं केला.

"आत्या, पाय लावू नका." गोरख दारात उभा होता. "प्रतिभा हाय ती."

त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं कट्ट्यावर मला बघितलं होतं आणि मग खाली बघितलं होतं. तो उकिडवा बसला. दाटलेल्या ठिपक्यांपाशी बोट नेऊन म्हणाला, "ही गाठ का?"

"हो, बाबा."

"आन ही?"

"ही आई. बरी असतानाची."

बयाबाईंनी पाय मागं घेतला, पदर खोचला आणि खाली बसून हातानंच रांगोळी गोळा करायला लागल्या. गुलाबी, जांभळं सगळं एका ताटात. "पुसायची तर हाये," त्या पुटपुटल्या. "पन हातानं. हीच सोडू पाण्यात. तीच हाय न्हवं?" आणि संस्कृतीकडं न बघता, "काच ठिव तुझी."

रांगोळी नदीत गेली. पाणी थोडा वेळ गुलाबी झालं म्हणे. मी बघितलं नाही. मी डबीत होते.

सोमवारी गोरख मला घेऊन शाळेत आला. टोपी काढून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

"हलत न्हाई काही," तो म्हणाला.

"नाही हलत, बाबा."

"बरं." तरी त्यानं डोळा काढला नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखाद्या पिशवीत माझी बहीण पडलेली असेल. तिला टाकायच्या आधी एकदा उजेडात बघा. आणि धरताना मधे बोट लावू नका, डाग पडतो. कडेनं धरा, गोरखनं मला परत डबीत ठेवताना धरलं तसं. मला दुखत नाही, हे मी सांगितलंच आहे. पण डबी बंद करायच्या आधी त्यानं मला आणखी एकदा उजेडात धरून बघितलं.