सारी-जारच्या भेगेचे फोटो

मित्रांनो, मी एक जुना झूम कॅमेरा आहे, कोटाच्या खिशात मावेन एवढाच. सध्या माझा मुक्काम औषधांच्या कपाटात, कापसाच्या गुंडाळीशेजारी असतो. माझी गोष्ट सुखाची नाही, तरी ती तुम्ही ऐकावी असे मला वाटते.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. हातमोजे घातलेल्या बायकांनी माझ्या पोटात एकामागे एक भिंगे बसवली. लांबचे जवळ आणून दाखवणे, हेच माझे काम. माझा पहिला मालक डोंगरांतून पक्ष्यांचे फोटो काढत हिंडणारा प्रवासी होता. ओश शहरात त्याला माझ्याहून मोठा कॅमेरा आवडला आणि त्याने मला बाजारात विकून टाकले. अब्दुरशीद नावाच्या दुकानदाराच्या काचेच्या कपाटात, अगदी मागच्या रांगेत, मी दोन वर्षे पडून होतो.

एका ऑक्टोबरमध्ये झूराकान दुकानात आली. ती सारी-जार गावच्या दवाखान्यातली परिचारिका. वय पन्नाशीच्या जवळ, डोक्याला गडद निळा रुमाल, हात औषधांनी खरखरीत झालेले. गावात सगळे तिला 'एजे' म्हणत, म्हणजे थोरली बहीण. छताच्या पत्र्यासाठी साठवलेले पैसे ती सोबत घेऊन आली होती.

अब्दुरशीदने एक भला मोठा काळा कॅमेरा तिच्यापुढे ठेवला. "हा घ्या एजे. लग्नवाले सगळे हाच नेतात."

"मला लग्न नाही काढायचं. डोंगर काढायचाय."

"डोंगर? तो काय पळून जातोय?"

"तेच बघायचंय," झूराकान म्हणाली.

अब्दुरशीद हसला. ती हसली नाही. मोठा कॅमेरा तिने हातात तोलून पाहिला आणि परत ठेवला. रोज घरोघरी फिरताना एवढे ओझे कोण वागवणार? आणि त्याला लांबचे दिसायचे तर वेगळे भिंग घ्यावे लागत होते, त्याची किंमत एका गायीएवढी. मग अब्दुरशीदने एक नवाकोरा, चकचकीत, स्वस्त कॅमेरा काढला. त्याच्या खोक्यावर साठपट मोठे दिसेल असे लिहिले होते.

झूराकान त्याला घेऊन दुकानाच्या दाराशी गेली. शहराच्या मधोमध सुलेमानचा डोंगर उभा आहे. त्याच्या पायऱ्यांवरून चढणाऱ्या एका म्हाताऱ्यावर तिने नेम धरला. म्हातारा मोठा झाला खरा, पण त्याचे नुसते चौकोन चौकोन झाले.

"हा जवळ आणत नाही, नुसता ताणतो," ती म्हणाली. "तो मागचा काय आहे?"

तो मागचा म्हणजे मी. तिने कोपर दाराच्या चौकटीला टेकवले, श्वास रोखला आणि बटण दाबले. माझी भिंगे खरोखरच पुढे सरकली. म्हाताऱ्याच्या पांढऱ्या टोपीवरची काळी नक्षी पडद्यावर स्पष्ट उमटली. तिने हात हलतो का पाहिले, जोडीला दुसरी बॅटरी मिळेल का विचारले, मला खिशात टाकून दुकानात चार पावले चालून पाहिले.

"जुना आहे हो तो," अब्दुरशीद म्हणाला.

"मीही जुनीच आहे. काम करते ना?"

मित्रांनो, इतक्या वर्षांत मला कुणी असे पारखून घेतले नव्हते.

सारी-जारला पोचल्यावर मला डोंगराचे कोडे उलगडले. गावाच्या डोक्यावरच्या पिवळ्या उतारावर त्या उन्हाळ्यात एक भेग पडली होती. झूराकानने जिल्ह्याच्या कचेरीत जाऊन सांगितले, तेव्हा तिथल्या साहेबांनी फोटो मागितला. तिच्या फोनवर आलेला फोटो म्हणजे एक पिवळा डोंगर आणि त्यावर एक पुसट रेघ. "हे काय, केस पडलाय का काचेवर?" असे साहेब म्हणाले होते. म्हणून ती माझ्याकडे आली होती.

रोज सकाळी दवाखाना उघडण्याआधी ती कुंपणाच्या एकाच खांबावर मला टेकवी आणि भेगेचा एक फोटो काढी. भेगेच्या खालच्या काठावर आर्चाचे, म्हणजे देवदारासारखे दिसणारे, एक खुजे झाड होते. ते दर फोटोत यावे असा तिचा नेम असे. मग मला खिशात टाकून ती कामाला निघे. वाटेत मी काय काय टिपले! तंदूरमधून निघणारी रोटी, लस घेताना भोकाड पसरणारी पोरे, बर्फात रुतलेले गाढव. लोक मला ओळखू लागले. "एजे, आमचाही एक काढा की!" असे म्हणून बायका हात पुसत बाहेर येत. माझ्या आयुष्यातला तो खरा मानाचा काळ होता.

उताराखाली अगदी लगत सात घरे होती. त्यांतले पहिले मामासालींचे. त्यांच्या पांढऱ्या दाढीचा मान राखून सगळे त्यांना अक्साकाल म्हणत. मुलगा रशियात मजुरीला गेलेला. घरात ते, त्यांची सून बुरुलचा आणि तीन वर्षांची नात.

"काय गं झूराकान," ते कुंपणापलीकडून ओरडत, "त्या डोंगराशी लग्न ठरवलंयस की काय? रोज उठून त्याचंच तोंड बघतेस!"

"तुम्हीच मध्यस्थी करा, अक्साकाल. नवरदेव पुढे सरकतोय, एवढंच सांगते."

फेब्रुवारीच्या शेवटी बर्फ वितळू लागले. आर्चाचे झाड आधी किंचित कलले, मग जमिनीसकट थोडे खाली सरकले. नोव्हेंबरचा फोटो आणि मार्चचा फोटो शेजारी ठेवले, की कुणालाही दिसावे. झूराकानने दोन्ही मोठे करून छापून घेतले आणि पुन्हा कचेरीत गेली.

साहेबांनी फोटो हातात घेतले. "झाड वाकलंय. झाडं वाकतात, बाई."

"झाड वाकलं नाही, जमीन खाली आलीय."

"तुम्ही इंजेक्शनं द्या ना. जमिनीचं आम्ही बघतो."

दहा दिवसांनी एक कागद तेवढा आला. सात घरांनी आपापल्या सोयीने दुसरीकडे राहायला जावे, असे त्यात होते. कुठे, ते नव्हते. तीन घरे नातेवाइकांकडे गेली. चार राहिली. झूराकान रोज संध्याकाळी फोटो घेऊन त्या चार घरांत जाई.

मामासाली बधले नाहीत. "मेंढ्या व्यायला आल्यात. चिखलातून पोटुशी जनावरं हाकत कुठं नेऊ? माझ्या बापाची हाडं इथंच आहेत."

बुरुलचा मात्र घाबरली होती. तिने झूराकानला दाराबाहेर गाठले. "एजे, शनिवारी मी लेकीला घेऊन माहेरी जाते. म्हाताऱ्यांना मी समजावते. तेवढ्या कोकरांचं आवरू दे."

"आजच चल की गं. माझ्याकडे राहा."

"त्यांना एकटं कसं टाकू? दोन दिवसांचा तर प्रश्न आहे."

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. रात्रभर पाऊस झाला होता आणि सकाळी धुके उठत होते. झूराकानने मला खांबावर टेकवले. माझ्या भिंगातून मला झाड दिसले आणि ते चालत होते. मित्रांनो, झाड चालताना मी पाहिले. मुळांसकट, उभ्याउभ्या, खाली येत होते.

झूराकानने मला टाकून दिले आणि ती धावली. "बाहेर पडा! डोंगर आला! बाहेर!" मी चिखलात पडलो. माझे भिंग बाहेर आलेले होते. त्यात माती शिरली. नंतरचे मी पाहिले नाही, फक्त ऐकले. आधी कुत्री ओरडली. मग इतका मोठा आवाज झाला की कुत्री ऐकू येईनात. मग काहीच नाही.

चारांपैकी तीन घरांतली माणसे तिच्या हाकेने बाहेर पडली. मामासालीही बाहेर आले, पण ते तिच्याशी भांडायला. "सकाळी सकाळी काय बोंबलतेस?" म्हणत ते रस्त्यापर्यंत आले, म्हणून वाचले. बुरुलचा मागच्या गोठ्यात कोकरांना पाजत होती. नात तिच्याजवळच होती.

अकरा दिवस खणले. काही सापडले नाही. शेवटी मुल्लाने त्या मातीच्या ढिगालाच कबर मानून नमाज पढला.

मग कचेरीतून गाड्या आल्या. चौकशी करायला शहरातून मोठी माणसे आली. त्यांनी झूराकानकडून माझे कार्ड मागून घेतले, भेगेचे एकशे बेचाळीस फोटो छापले आणि दवाखान्याच्या टेबलावर ओळीने मांडले. एकजण भिंग लावून तासभर आर्चाचे झाड न्याहाळत राहिला.

"फार उपयोगी काम केलंत, बाई," तो म्हणाला. "अगदी दिवसागणिक दिसतंय."

"कुणाच्या उपयोगी?" झूराकानने विचारले.

त्याने चहाचा पेला उचलला, पण प्यायला नाही.

उरलेल्या गावाला खालच्या सपाटीवर घरे मिळाली. नव्या दवाखान्यात झूराकानने मला कपाटात ठेवले. त्यानंतर तिने माझ्याकडून एकही फोटो काढून घेतला नाही. काढताही आला नसता. चालू केले की माझे भिंग कुरकुरते, अर्धे बाहेर येते आणि अडकते. ओशला नेऊन दुरुस्त करून घ्या असे तिला चारचौघांनी सांगितले. ती नुसती मान हलवते. पण कार्ड परत मिळाले आहे आणि जुने फोटो अजून पडद्यावर दिसतात.

दर महिन्याला मामासाली रक्तदाब मोजायला येतात. आधी मला मागून घेतात, मग बाही वर करतात. अंगठ्याने एकेक फोटो पुढे सरकवतात. भेग रेघेएवढी, भेग दोरीएवढी, भेग नाल्याएवढी.

मागच्या खेपेला त्यांनी विचारले, "झूराकान, हे तू मला दाखवलं होतंस?"

"दाखवलं होतं, अक्साकाल."

"मग मी काय म्हणालो?"

तिने त्यांच्या दंडाला पट्टा गुंडाळला. "तुम्ही म्हणालात, चष्मा आत राहिलाय. उद्या बघतो."

म्हाताऱ्यांनी मान खाली घातली. तिने पट्ट्यात हवा भरली आणि आकडा वहीत लिहिला.

मित्रांनो, मला जपा असे मी सांगणार नाही. माझ्यासारखे यंत्र पडते, बिघडते, नवे मिळते. पण कुणी आपल्या छताचे पैसे मोडून, दिवसामागून दिवस काहीतरी टिपून तुमच्यापुढे धरले, तर तिथल्या तिथे उठा आणि आतून चष्मा घेऊन या.