अकरा निळे नग

ड्रायव्हरने भट्टीचं दार बोटभर उघडलं, आत डोकावलं आणि चटकन लावून टाकलं.

“उघडलंत ना?” मागून आवाज आला.

“नाही गं, हात लागला नुसता.”

“हात लागून दार करकरत नाही. दार उघडलं की भट्टी थंडावते, काचेचा मीना अर्धकच्चा राहतो. किती वेळा सांगायचं?”

बायको खिडकीपाशी खुर्चीत बसली होती. उजव्या डोळ्यावर पट्टी, डावा नुसताच मिटलेला. उजव्यातला मोतीबिंदू कालच काढला होता, पट्टी उद्या सकाळी निघणार होती. डाव्याचं ऑपरेशन महिन्याभराने. तिचे कान मात्र एरवीपेक्षाही तिखट झाले होते.

चाळीस वर्षं तिने चांदीवर मीनाकाम केलं. आधी चांदीत पानंफुलं कोरायची, मग रंगीत काचेची भुकटी पाण्यात कालवून त्या खोबणीत भरायची आणि भट्टीत वितळवायची. तेवढीच वर्षं नवऱ्याने बस चालवली. घरातसुद्धा ती त्याला ड्रायव्हरच म्हणायची, रागावली की ड्रायव्हरसाहेब. तीन महिन्यांपूर्वी तो म्हणाला होता, “मलाही शिकव ना हे काम.” ती इतकी हसली की हातातला खल खाली ठेवावा लागला.

“तुम्ही? सिग्नल सुटेपर्यंतही धीर नसायचा, सीटवरून उठून उभे राहायचात म्हणे!”

खोटं नव्हतं. आताही टेबलाखाली त्याचा डावा पाय नसलेला क्लच दाबत होता. भुकटी नीट वाळायच्या आत नग भट्टीत घालायचा, तडतडला की हळहळायचं, हे त्याचं नेहमीचं. बिघडलेल्या पत्र्यांची एक वाटी भरली होती. तरी रोज सकाळी गडी हजर.

“आता काढा,” ती म्हणाली.

त्याने चिमट्याने नग बाहेर काढला. पानाच्या आकाराची पिन. निवता निवता पानावर बारीक काळे ठिपके उठले, मिरी भुरभुरावी तसे.

“कसं झालंय?”

“ठीक आहे.”

“म्हणजे गेलं,” ती म्हणाली आणि हसली. त्याला काही हसू आलं नाही.

दुपारी तिचा डोळा लागल्यावर त्याने पान्यांच्या पेटीतून बिस्किटांचा जुना डबा काढला. आत कापसावर दहा नग होते. सकाळची पिन अकरावी. यातला एकही त्याने केलेला नव्हता. सगळे तिचे.

दुकानवालीने वर्षभरात एकेक करून परत केलेले. नग पोचवायला तोच जायचा, म्हणून परतही त्याच्याच हातात आले. पहिल्यांदा ती चाचरत बोलली होती, “काका, रंग जरा वेगळा आलाय. बाईंचा आकाशी असा नसतो.” त्याने पाहिलं, तर आकाशी कुठला, प्लॅस्टिकच्या बादलीसारखा भडक निळा. मोतीबिंदूच्या पडद्याआडून तिला निळे सगळे मळकट दिसत होते, म्हणून ती उजळ करत जायची. तिच्या डोळ्यांना बरोबर वाटलं की नग तयार. घरी आल्यावर तिने विचारलं, “गेला का?” आणि तो म्हणाला, “गेला.” अकरा वेळा म्हणाला.

सांगायची हिंमत झाली नाही, कारण ती कधीच बोलून बसली होती, “माझे रंग चुकायला लागले की भट्टी बंद. मागाहून कोणी सांगायची वेळ नको यायला.” आणि ही बाई बोलली की करणार. एकदा चहातली साखर सोडली, ती आजतागायत तोंडाला लावलेली नाही. भट्टी बंद झाली की ती कशी होईल हे त्याला चांगलं ठाऊक होतं. निवृत्तीनंतर दोन वर्षं तो सकाळी सहाला कपडे करून खिडकीत उभा राहायचा, जाणाऱ्या बसचे नंबर वाचत. तसं तिचं होऊ द्यायचं नव्हतं. म्हणून हा शिकायचा खटाटोप. तिच्या नकळत निळा खरवडायचा, नवा भरायचा, गुपचूप दुकानात देऊन यायचं. तीन महिन्यांत एकही सुधारला नव्हता. सकाळच्या पिनीचं तर त्याने वाटोळंच केलं. आणि उद्या तिला दिसायला लागणार.

रात्रभर त्याला झोप नाही. सकाळी पुन्हा डबा काढला, आज अडगळीत टाकून येतो म्हणून. तेवढ्यात दारात रिक्षा वाजली, ती पट्टीवर हात धरून “चला, चला” करायला लागली आणि निघायची एकच गडबड उडाली.

पट्टी निघाली. परतताना सगळ्या रस्ताभर ती पाट्या वाचत होती. घरात पाऊल टाकलं आणि थबकली.

“भिंती कधी रंगवल्यात?”

“रंगवल्या कुठे?”

“मग इतक्या पांढऱ्या?” तिने वळून त्याच्याकडे पाहिलं. “अगंबाई! किती म्हातारे झालात हो!”

तो हसला, आणि हसता हसता त्याची नजर तिच्या खांद्यावरून टेबलाकडे गेली. डबा तिथेच होता. उघडा.

“आधी चहा टाकू का?” तो घाईने पुढे झाला.

पण ती टेबलाशी पोचली होती. तिने एक कर्णफूल उचललं. खिडकीपाशी नेलं. मग दुसरं. मग काळ्या ठिपक्यांची पिन. 

“हे कोणी केलं?”

“मी,” तो म्हणाला. शब्द कसा बाहेर पडला त्याचं त्यालाच कळलं नाही. “शिकताना. तू झोपल्यावर करायचो.”

“सगळे?”

“सगळे.”

“कोरलंयसुद्धा तुम्हीच?”

त्याने आजवर कोरणी हातात धरली नव्हती. “हो,” तो म्हणाला.

तिने कर्णफूल उजेडात धरलं. तळहाताने उजवा डोळा झाकून डाव्याने पाहिलं. मग डावा झाकून उजव्याने. पुन्हा डावा, पुन्हा उजवा. प्रत्येक नगाचं तसंच केलं, एकही सोडला नाही. तो भिंतीला टेकून उभा होता. आता म्हणणार भट्टी बंद, आता म्हणणार, एवढंच त्याच्या मनात. डावा पाय तेवढा आज क्लच दाबत नव्हता.

शेवटचा नग ठेवून ती स्टुलावर बसली. उजव्या डोळ्यातून पाणी ओघळलं.

“डोळ्याला पाणी लावायचं नाही म्हणालेत डॉक्टर,” तो म्हणाला.

“हे आतलं आहे.”

तिने पदराच्या टोकाने गाल तेवढा टिपला, डोळ्याला हात लावला नाही. मग डब्यातले नग बोटाने मोजले.

“तीन महिन्यांत अकरा. बराच हात चालला की तुमचा.”

त्याने डब्यातला कापूस उगीच सारखा केला.

“सगळा निळा खरवडून काढायचा. पुन्हा भरायचा.”

“कोणी?”

“ज्याने बिघडवला त्याने,” ती म्हणाली. तिने पिन उचलली, आपल्याच हाताने कोरलेल्या शिरेवरून नख फिरवलं. “तुम्ही शेजारी बसा. महिनाभर तरी मला एकाच डोळ्याचा भरवसा आहे. निळा तुम्हीही बघायचा, आणि खोटं सांगायचं नाही.”

“नाही सांगणार.”

“भट्टी लावा मग, ड्रायव्हरसाहेब.” त्याने बटण दाबलं तशी ती पुढे म्हणाली, “आणि दार मी सांगेपर्यंत उघडायचं नाही.”