तेलाच्या घरातल्या चादरी

वारा सुटला की मागच्या अंगणातल्या दोऱ्यांवर माणसं भरायची. म्हणजे माणसं नव्हेत, डांगऱ्या. शर्ट आणि विजार एकाच कापडात शिवलेल्या, नारिंगी, पोटऱ्यांवर चकाकत्या पट्ट्या लावलेल्या. समुद्रातल्या तेलविहिरींवर काम करणारे त्या अंगात घालून जात, आणि पुढे त्या काळ्या-ढेपाळलेल्या होऊन गाठोड्यांनी या घरच्या लॉन्ड्रीत येत. धुऊन वाळत घातल्या की वारा आत शिरे, बाह्या हलत, पोटं सुटत, पाय हवेतच चालू लागत. घरची थोरली सून चहाचा कप घेऊन दारात उभी राही आणि कोण ताठ्यात आहे, कोण लाजून मागे वळलंय ते बघत राही. त्यांतल्या एकाचंही तोंड तिनं कधी पाहिलं नव्हतं. पण कोणाचे गुडघे फाटतात आणि कोण खिशात खिळे विसरतो हे तिला पक्कं ठाऊक होतं. नवरा म्हणे, माझ्यापेक्षा तुझं त्यांच्याशीच जास्त बोलणं होतं. ते काही खोटं नव्हतं. डांगऱ्या निदान बोलणं चालू असताना उठून बातम्या लावत नसत.

आता त्या दोऱ्यांवरची माणसं विरळ झाली होती. एक इथे, एक तिकडे, मधे नुसतं आभाळ.

कारण घरात सगळ्यांना पाठ होतं. सरकारनं तेलकंपन्यांच्या नफ्यावर जादा कर बसवला. कंपनीनं हात आखडता घेतला, जुन्या विहिरी बंद केल्या, निम्मी माणसं घरी पाठवली. घरी बसलेला माणूस डांगरी घालत नाही, आणि न घातलेली डांगरी मळत नाही. कर बसला कंपनीवर, पण फेस उतरला तो इथल्या यंत्रांमधला.

बरं, शिव्या द्याव्यात तर तेही धड जमेना, कारण धाकटी जाऊ सरकारी रुग्णालयात नर्स होती. त्याच कराच्या पैशातून तिथे नवा मजला उठला होता, बंद पडलेलं औषधांचं खातं चालू झालं होतं, आणि तिचा पगार आता तारखेला होत होता. एकच कर एका जावेच्या ताटात वाढत होता आणि दुसरीच्या पोटावर पाय देत होता, आणि दोघी रोज एकाच टेबलाशी जेवायला बसत होत्या.

“तुमच्या नव्या मजल्याला रंग नारिंगी दिलाय का गं?” थोरली वाढता वाढता विचारी. “नाही, आमच्या डांगऱ्या पिळूनच काढलाय ना तो, म्हणून म्हटलं.”

धाकटीही काही मुकी नव्हती. कंपनीचा साहेब यंदाही नवी गाडी फिरवतोय, कात्री आधी तिथे लावायला सांगा म्हणे. दोघींचे नवरे, म्हणजे थोरलीचा यंत्रं चालवणारा आणि धाकटीचा लॉन्ड्रीचा टेंपो चालवणारा, अशा वेळी घास फार बारीक चावत.

पण चेष्टा जेवणापुरती. लॉन्ड्रीत घरची माणसं सोडून आणखी तिघं होती. इस्त्रीमामा, ज्यांचा उजवा खांदा इस्त्री रेटून रेटून डाव्यापेक्षा खाली उतरला होता, आणि टेबलाशी उभ्या राहून घड्या घालणाऱ्या दोन बायका, ज्यांना सगळे घडीवाल्याच म्हणत. दुसरं काम मिळालं नाही तर लॉन्ड्रीला कुलूप लावावं लागेल, हे थोरलीनं अजून कोणाला सांगितलं नव्हतं. सांगायची गरजही नव्हती. मामा हल्ली एकाच डांगरीवर दोनदा इस्त्री फिरवत होते.

मग धाकटीच बातमी घेऊन आली. रुग्णालयाच्या चादरी धुणाऱ्यानं काम सोडलं होतं. तेव्हापासून चादरी लांबच्या गावी जात आणि भिजक्या परत येत. तिनं मेट्रनबाईंच्या कानावर घातलं होतं. एक गाठोडं नमुन्याला पाठवते म्हणाल्या. हे सांगताना ती थोरलीकडे न बघता चप्पल काढत होती, आणि थोरलीनंही आभार न मानता चहा टाकला. त्या घरात एवढं पुरे होतं.

चादरी आल्या आणि अंगणाचं रूपच पालटलं. त्या दिवशी समुद्रावरून धुकं आत आलं होतं. पांढऱ्या धुक्यात पांढऱ्या चादरी, कुठे धुकं संपतं आणि कुठे कापड सुरू होतं ते कळेना. त्यांना ना पाय, ना पोट. वारा आला की त्या नुसत्या दीर्घ श्वास घेत आणि सोडत. थोरली त्यांच्या मधून चालली तेव्हा तिला वाटलं, आपण कोणाच्या तरी झोपेतून चाललोय, पाऊल वाजवायला नको. घडीवाल्या दोघीही कुजबुजत बोलत होत्या. मामांनी अशी इस्त्री मारली की चादरीची कड बोटाला लागावी. टेंपो निघाला तेव्हा सगळे फाटकापर्यंत गेले, लेक सासरी निघाल्यासारखे.

दुसऱ्या दिवशी धाकटी आली ती ओठ मिटूनच.

“ताई, चादरींना वास येतो.”

साबणाचा का, थोरलीनं विचारलं.

“तेलाचा. बायकांच्या वॉर्डात एकीनं मला विचारलं, सिस्टर, खालच्या मजल्यावर गॅरेज आहे का.”

परत आलेली एक चादर सगळ्यांच्या हातांतून फिरली. नवऱ्यानं हुंगली, त्याला काही नाही. मामांनी त्यात नाक खुपसून डोळे मिटले, बराच वेळ तसेच राहिले, शेवटी छान आहे म्हणाले. घडीवाल्यांना साबण आला, ऊन आलं, बाकी काही नाही. थोरलीलाही नाही. आणि मग तिला कळलं. वास होताच. इतकी वर्षं तो इथे असा मुरला होता की यांच्या नाकांनी त्याची दखल घेणंच सोडून दिलं होतं. दिवसभर बाहेर असणाऱ्या धाकटीचं नाक तेवढं शाबूत होतं. नवी नवरी म्हणून ती या घरात आली तेव्हा पहिले काही दिवस उशीत तोंड खुपसून रडली होती, आईच्या आठवणीनं नव्हे, वासानं. पुढे तो वास कधी नाहीसा झाला ते तिला आठवेना. झालाच नव्हता नाहीसा. तीच त्यात विरघळली होती.

मेट्रनबाईंनी आणखी एक संधी द्यायचं कबूल केलं होतं. पण डांगऱ्या आणि चादरी एका यंत्रात नांदणार नाहीत हे उघड होतं. तेल ड्रमच्या सांध्यांत बसतं, रबरात शिरतं. चादरी हव्या तर उरल्यासुरल्या डांगऱ्यांना नकार द्यायला हवा होता.

नवरा दिवसभर यंत्रं पुसत राहिला. संध्याकाळी म्हणाला, हातात अर्धी भाकर आहे ती टाकायची, आणि कशासाठी, तर जी अजून कोणी वाढलीच नाही तिच्यासाठी. थोरली म्हणाली, ती अर्धी दर महिन्याला पाव होतेय, दिसत नाही का तुम्हाला. तो दोऱ्यांकडे बघत राहिला. या यंत्रांपाशीच तो लहानाचा मोठा झाला होता, वडिलांनी त्याला पहिल्यांदा मारलं ते खिळा असलेला खिसा न तपासल्याबद्दल. सकाळी त्यानं स्वतःच कंपनीच्या कारकुनाला फोन लावला. कारकून “बरं” म्हणाला. एवढ्या वर्षांच्या कामाला “बरं”. नवऱ्यानं फोन ठेवला आणि तो नुसताच हात धुऊन आला.

मग लॉन्ड्रीत नवलाचे दिवस सुरू झाले. यंत्रं चालत, पण आत काही नसे. नुसतं सोड्याचं उकळतं पाणी गोल काचेआड उसळे, फेसाळे, फिरून काचेवर येऊन आदळे. जुनी रबरी कडी काढून नवी बसवली. इस्त्रीखालची जाजमं बदलली. भिंतींना चुना दिला. वाफेत सगळी माणसं अर्धीच दिसत, कोणाचं डोकं, कोणाचा हात. दुपारी थोरलीचा डोळा लागे आणि काचेतल्या पाण्यावरून सगळ्या डांगऱ्या ओळीनं चालत लांब जाताना दिसत, पोट सुटलेला पुढे, लाजरा मागे. एकही वळून बघत नसे.

रोज ड्यूटी संपली की धाकटी येई, पदर खोचून ड्रममध्ये डोकं घाली. सगळे भोवती उभे. मामा तर हात जोडायचेच काय ते बाकी ठेवत. आतून घुमल्यासारखा आवाज येई, “अजून आहे.” आणि यंत्र पुन्हा सुरू होई. नवरा म्हणे, बघा, करापायी धंदा गेला, पण सरकारी नाक फुकट मिळालं.

आणि असंच एके दिवशी थोरलीला काहीतरी आलं. आधी ओल्या चुन्याचा वास, गार, मातकट. मग साबणाचा, जो इतकी वर्षं तिला नुसता फेसच वाटत होता. ती गोंधळून उभी राहिली. तेवढ्यात नवरा पाना घेऊन जवळून गेला आणि ती त्याच्या मागोमाग दोन पावलं गेली.

“काय गं?”

“काही नाही. तुमचा वास येतोय.”

“अंघोळ केलीय मी.”

“केली असेल हो.”

ती त्याच्या मानेशी वाकली. तेल होतं, जुनं, उबदार, त्याखाली त्याचा स्वतःचा, जो तिनं इतक्या वर्षांत कधी घेतलाच नव्हता. इतका संसार झाल्यावर हे असं काहीतरी नवं मिळावं, आणि तेही भरदुपारी, पाना हातात असलेल्या माणसाकडून. तिला हसू यायला लागलं. नवरा भोवती कोणी बघत नाही ना ते बघून तसाच उभा राहिला, हलला नाही. नाक परत आल्याचं कोणाला सांगितलं नाही तिनं.

चादरी पुन्हा आल्या, धुतल्या गेल्या, वाळल्या, दोरीवरची शेवटची ओली एक सोडून टेबलावर त्यांच्या घड्या झाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी गाठोडं पोचवायचं होतं. धाकटी दुहेरी ड्यूटी करून आली, डोळ्यांखाली काळं. तिनं वरची चादर उचलली, तोंडाला लावली. घडीवाल्या श्वास रोखून उभ्या. मामांचा तो उतरलेला खांदा आणखी उतरला होता. धाकटीनं चादरीवरून सगळ्यांच्या तोंडांकडे एकदा पाहिलं.

“गेला,” ती म्हणाली.

मामा खाली बसले. एक घडीवाली रडायला लागली, दुसरी तिला हसायला लागली. थोरलीनं धाकटीच्या हातातून चादर घेतली, उगाच, हात फिरवायला म्हणून, आणि घडी नाकाशी नेली. ऊन आलं. साबण आला. आणि त्याखाली, लांबच्या खोलीत कोणीतरी हळू बोलत असावं तसा, बारीक, तो होता.

तिनं धाकटीकडे पाहिलं. धाकटी टेबलाची कड बघत होती. जे कडू बोलायचं ते या मुलीनं आजवर तोंडावर बोललं होतं, एकदाही गिळलं नव्हतं. पहिल्यांदा खोटं बोलली ती हे.

“आहे,” थोरली म्हणाली. “अजून आहे.”

सरकारी नाकानं पास केलंय की, मामा म्हणाले.

“सरकारी नाकाला दया आली, मामा.”

धाकटीचा चेहरा उतरला. “उद्या गाठोडं गेलं नाही तर ते काम दुसऱ्याला देतील, ताई. हे का मी सांगायला हवं तुम्हाला.”

“आणि गेलं, आणि कोणी नाक मुरडलं, तर तुझ्यावर येईल. तुला तिथे रोज तोंड दाखवायचंय. आम्हाला एकदाच कुलूप लावायचंय.”

 थोरली चादर तशीच छातीशी धरून निघाली. ड्रमपाशी गेली, आत वाकली, काही नाही. रबर, काही नाही. दोऱ्यांवर अजून वाळत असलेली शेवटची चादर हुंगली, ती निखळ होती, नुसतं ऊन. ती थबकली. वाळेपर्यंत वास नव्हता. झोपेत चालल्यासारखी ती परत फिरली, टेबलाशी येऊन थांबली, आणि गाल लाकडावर टेकवला. सगळ्यांना वाटलं आता ही रडते.

टेबलात होता तो. एवढ्या वर्षांच्या डांगऱ्यांच्या घड्या पडल्या होत्या त्यावर, पोटाशी पोट, बाहीवर बाही. लाकडानं सगळं पिऊन ठेवलं होतं. ड्रममध्ये डोकं घालायला सगळे धावले, टेबलाचा कोणाला संशयही आला नाही, कारण त्यावर येतं ते धुतलेलंच, असं सगळ्यांच्या डोक्यात बसलेलं.

मग टेबल बाहेर काढलं. चौघांनाही रेटेना, दार अपुरं पडलं, शेवटी पाय सोडवले. दिरानं टेंपो मागे घेतला. नवऱ्यानं फळीवर एकदा तळहात ठेवला आणि उचला म्हणाला. तोपर्यंत धाकटीनं मेट्रनबाईंना फोन लावला होता. खोटं बोलली नाही आता, जे होतं ते सांगितलं, बोलताना चादरीच्या शिवणीशी चाळा करत राहिली.  मग मेट्रनबाई म्हणाल्या, अर्धं उद्या चालेल, अर्धं गुरुवारी, पण हुंगून मी स्वतः घेणार. मामांनी ऐकलं आणि बाह्या वर केल्या.

चादरी पुन्हा पाण्यात गेल्या, पुन्हा दोऱ्यांवर चढल्या. उन्हं कलायला लागली तशा त्या कोरड्या झाल्या, पण आता घड्या घालायला टेबल नव्हतं. घडीवाल्या हात कमरेवर ठेवून उभ्या. थोरलीनं एका चादरीची दोन टोकं उचलली, आणि धाकटी, जी केव्हाच घरी जाऊन झोपायला हवी होती, तिनं पलीकडची दोन. दोघींनी ती ताणली, झटकली. मधे पांढरं आभाळ उसळलं आणि खाली आलं.

“नीट धर. तुझ्या कोपऱ्याला सुरकुती पडतेय.”

“तुमच्याच बाजूनं ओढलं जातंय, ताई.”

टोकं जुळवायला दोघी एकमेकींकडे चालत आल्या. बोटांना बोटं लागली. थोरलीनं घडी नाकाशी नेली, डोळे मिटले, आणि मग न बोलता ती धाकटीच्या नाकाशी धरली.

धाकटीनं श्वास घेतला. मग आणखी एक, सावकाश, झोपेला टेकल्यासारखा. आणि दुसरी चादर घ्यायला वळली.