कणकेचे दोन दिवे आणि बारा स्कोन

या मायबाप, असे पुढे सरका. तो खांब सोडा, दगडाची थंडी पाठीतून आत शिरते. सतरंजीची ही कड मोकळी आहे. टाळ अजून पिशवीत आहेत, पेटीवाल्यांचा चहा व्हायचा आहे. बुवा उभे राहीपर्यंतच्या सवडीत एक गोष्ट ऐका. राजाराणीची म्हणाल तर तीही नाही. एका म्हाताऱ्या बाईच्या हातांची आहे, आणि एका पोरीच्या पोटाची. लहानशीच आहे, पण कान देऊन ऐका.

माघ सरत आला होता. पाचगणीच्या पठारावर ऊन उतरत होतं ते भीतभीत, दवानं भिजलेल्या गवताला विचारत विचारत, पाऊल टाकू का, पाऊल टाकू का. खाली कृष्णेचं खोरं धुक्यानं काठोकाठ भरलेलं. त्या शुभ्र, निःशब्द, निस्तरंग सागरावर दूरचे डोंगर नांगर टाकलेल्या गलबतांसारखे उभे. सिल्व्हर ओकच्या पानांना वारा लागे आणि सारी झाडं क्षणात रुपेरी होत, क्षणात हिरवी. उतारावरच्या वाफ्यांत स्ट्रॉबेरी पिकली होती. पानांआड लाल, दवाआड लाल, कुंकवाच्या करंड्यासारखी ओलसर, उघडी, लाल.

त्या उताराच्या कडेला दोन खोल्या. कौलं जुनी, दार निळं, आणि दारात अंबुताई.

अंबुताई एकाहत्तरीच्या. चौतीस वर्षं त्यांनी इथल्या एका निवासी शाळेचं स्वयंपाकघर सांभाळलं. दर शनिवारी मुलांच्या चहाला स्कोन लागत. स्कोन म्हणजे पावाचा धाकटा आणि बिस्किटाचा थोरला भाऊ: वरून खरपूस, आतून भुसभुशीत, मधोमध फोडून साय आणि मुरंबा भरायचा. शनिवारी तीनशे, सणाला पाचशे. परक्यांची लेकरं, दूरदूरची लेकरं, घर आठवून रडणारी लेकरं त्या ऊन स्कोनच्या वासानं गप्प होत. स्वतः अंबुताईंनी लग्न केलं नाही. भाऊ होता, तो गेला. भावाचा मुलगा निनाद पुण्यात. आता भांडी दोन, पाट एक, आणि देव्हाऱ्यात लोण्याचा गोळा उचलून रांगणारा पितळी बाळकृष्ण.

एकटेपण म्हणजे काय, मायबाप? सकाळी दुधाला उकळी येते आणि "अगं, उतू जाईल" असं म्हणायला कुणी नसतं. दूध उतू जात नाही. अंबुताई समोरच उभ्या असतात. पण म्हणणारं कुणी नसतं.

म्हणून संध्याकाळी त्या राममंदिरात कीर्तनाला जात. तिथं बुवा "रामकृष्णहरी" म्हणाले की शंभर गळ्यांबरोबर आपलाही गळा निघतो, आणि तेवढा वेळ माणूस शंभरांतलं एक असतं.

आता जखमेची गोष्ट. सांगायला हवी, कारण तिच्यावाचून पुढचं कळायचं नाही.

निनादची लेक शाल्मली. टपोऱ्या डोळ्यांची, बडबडी, काटकुळी. तिच्या आतड्याला गहू सोसत नाही. कणभर गेला तरी पोट आग ओकतं. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलेलं, तिच्या आईनं, केतकीनं, तोंडानं दहादा सांगितलेलं. तरी दीड वर्षामागं, श्रावणातल्या पूजेला, अंबुताईंनी पोरीच्या तळव्यावर हरभऱ्याएवढा शिरा ठेवला. "घे गं, एवढासा. प्रसाद कधी बाधत नाही."

बाधला. तीन दिवस पोर पाय पोटाशी घेऊन तळमळली. ओठ सुकले, डोळे खोल गेले, हाताला सलाईन लागलं.

केतकी भांडली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे म्हणाली, "आत्या, तुमची माया मला कळते. पण तिच्या पोटाला ती कळत नाही." त्यानंतर गणपती आले नि गेले, दिवाळी आली नि गेली, दुसरीही आली नि गेली. गाडी काही निळ्या दारापाशी थांबली नाही.

आणि मग आठवड्यापूर्वी फोन. निनाद म्हणाला, "आत्या, रविवारी शाल्मलीचा दहावा वाढदिवस. महाबळेश्वरला निघालोय. वाटेत चारला तुझ्याकडे टेकतो, तासभर." मागून पोरीनं फोन ओढून घेतला. "आत्याआजी, आई म्हणते माझा डबा आम्ही आणणार. पण बाबा म्हणतो तुझे स्कोन म्हणजे स्वर्ग. माझ्या पोटाला चालतील असे होतात का गं?"

"होतात की," अंबुताई म्हणाल्या. फोन ठेवला, आणि मग घाबरल्या.

गव्हावाचून स्कोन! गव्हाच्या अंगी चिकाटी असते, तो पिठाला पिठाशी धरून ठेवतो. त्याच्यावाचून जे काही उरतं ते सारं वाळूसारखं, एकमेकांना न ओळखणारं. अंबुताईंनी उपासाची फळी धुंडाळली. राजगिरा, साबुदाणा. त्यांच्या जोडीला तांदूळ. गिरणीत गहूच दळतात, म्हणून तिथं नेले नाहीत. सारं धुऊन, उन्हात वाळवून, घरच्या मिक्सरमध्ये दळलं, नव्या चाळणीनं चाळलं. घरातला गव्हाचा डबा, रवा, शेवया, पोळपाट, सारं शेजारच्या झुलेखाभाभींकडे नेऊन ठेवलं.

भाभी हसून म्हणाल्या, "अंबुताई, गव्हाला हाकललंत. आता माझा नंबर कधी?"

"तुम्हाला काय हाकलायचं! तुम्ही खाताय कुठं, नुसत्या बोलताय."

सोमवारचे स्कोन दगड झाले. मंगळवारचे हात लावताच रांगोळी झाले. बुधवारचे कावळ्याला घातले. त्यानं मान वाकडी करून पाहिलं आणि तो शेजारच्या कौलावर जाऊन बसला. गुरुवारी अंबुताईंना सुचलं: पोट साफ व्हायला रात्री आपण घेतो तो इसबगोल, पाण्यात पडला की कसा लिबलिबीत होतो! तोच गव्हाची चिकाटी देईल. चमचाभर इसबगोल ताकात भिजवला, थंडगार लोणी बोटांच्या टोकांनी पिठात चुरलं, आणि तो गोळा तळहाताखाली नांदू लागला. पहिल्यांदाच ती पिठं एकमेकांना धरून राहिली. अंबुताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढ्याशा गोष्टीला पाणी यायचं कारण नव्हतं, पण आलं.

रविवार उजाडला. धुपाचा वास, सायीचा वास, ताज्या मुरंब्याचा माणिकवर्ण वास. अंबुताई पहाटेच न्हाल्या. दहा वर्षांच्या लेकीला ओवाळायचं तर कणकेचे दिवे हवेत. त्यांच्या आईनं त्यांना तसंच ओवाळलं होतं. देव्हाऱ्याच्या कोनाड्यात पितळी डबी होती, मूठभर कणकेची, केवळ दिव्यांसाठी राखलेली. दिवे वळले, चिमटीनं चोच काढली, वाती घातल्या. ओठांवर नाम, मनात पोरीचे डोळे, हातांत लगबग. पदराला हात पुसले आणि त्या लगबगीतच परातीकडे वळल्या. तांदूळ, राजगिरा, साबुदाणा. लोणी, साखर, इसबगोल भिजवलेलं ताक. गोळा मळला, थापला, वाटीनं गोल गोल कापला. बारा स्कोन ओव्हनमध्ये शिरले.

आणि काय फुलले, मायबाप! सोनेरी, तांबूस, माथ्यावर नाजूक भेगा, जणू बारा लहान डोंगर उन्हात उजळलेले. अंबुताईंनी ते ताटात मांडले, तुळशीपत्र ठेवलं, पाणी फिरवलं, बाळकृष्णापुढं हात जोडले. नैवेद्य झाला. बारा स्कोनांचा बारा वेळा प्रसाद झाला.

सव्वातीन वाजले. त्या दारात बसल्या, हात मांडीवर ठेवून. कलतं ऊन त्या हातांवर पडलं, आणि त्या उन्हात बांगडीच्या कडेला काहीतरी दिसलं. बारीक, पांढुरकं, वाळलेलं. नखाच्या कडेलाही होतं. करंगळीच्या सुरकुतीतही होतं. तांदळाचं पीठ असतं तर केव्हाच झडलं असतं; हे घट्ट धरून बसलं होतं.

कणीक.

साऱ्या घरातून गहू काढला, आणि देवाजवळचा काढला नाही. तो कधी गहू वाटलाच नव्हता. तो देवाचा होता.

वारा थांबला. झाडांचा रुपेरी रंग मावळला. खोऱ्यातलं उरलंसुरलं धुकं कुठंतरी विरून गेलं, आणि खालचं सारं शिवार नको इतकं स्पष्ट दिसू लागलं.

पुन्हा करावेत? दाणे धुवायचे, वाळवायचे, दळायचे; दिवसभराचं काम, आणि हाताशी पाऊण तास. मग मनातून एक गोड आवाज उठला, अगदी ओळखीचा, अगदी त्यांचाच. किती असेल ती कणीक? कणाचा कण. अग्नीतून गेलं ते शुद्ध झालं. देवानं चाखलं ते अमृत झालं. कुणाला कळणार आहे? आणि सांगितलंस तर केतकी काय म्हणेल? म्हणेल, दीड वर्षानं तीच चूक, त्याच हातांनी. मग हे दार कायमचं मिटलं म्हणून समज.

अंबुताईंनी बाळकृष्णाकडे पाहिलं. तो रांगत होता, लोण्याचा गोळा उचलून, तसाच हसरा, तसाच गप्प. मागच्या एकादशीला बुवा निरूपणात म्हणाले होते, आणि सारं मंदिर हसलं होतं: "देव भावाचा भुकेला, खरंच आहे! पण पाहुणा पोटाचा भुकेला असतो, मंडळी. त्याला भाव वाढू नका, भात वाढा!" तेव्हा अंबुताईही हसल्या होत्या. आता त्यांना हसू आलं नाही.

गाडी दहा मिनिटं आधीच आली.

पोर उतरली ती धावतच, लाल स्वेटरची, दोन वेण्यांची, नाक वर करून. "आत्याआजी! रस्त्यापर्यंत वास येतोय! माझे कुठले?"

ताट मधोमध होतं. पोरीचा हात पुढं झाला. त्या हाताला आणि त्या ताटाला एका वितीचं अंतर, आणि त्या वितीत अंबुताईंचं सारं म्हातारपण.

अंबुताईंनी ताट उचलून उंच फळीवर ठेवलं.

"तुझेच होते गं बाळ," त्या म्हणाल्या. "आठवडाभर तुझेच केले. आज सकाळी दिवे वळले कणकेचे, आणि हात न धुता हे मळले. आता ते तुझे नाहीत." मग केतकीकडे वळून, खाली बघत म्हणाल्या, "मी विसरले गं. पुन्हा विसरले."

निनाद चपला काढता काढता तसाच वाकून राहिला. केतकी फळीकडे बघत होती, मग त्या हातांकडे, मग कोनाड्यातल्या दोन दिव्यांकडे. दीड वर्ष एका क्षणात मावत नाही. तो क्षण फार लांबला.

"आणि प्रसाद झालाय त्यांचा?" तिनं विचारलं.

"झालाय."

"तरी सांगितलंत."

शाल्मलीचा ओठ बाहेर आला. डोळे भरले, सांडले नाहीत. पोर शहाणी होती; 'नको' म्हणायची तिला सवय होती, वर्गातल्या वाढदिवसांना, लग्नाच्या पंगतींना, आईस्क्रीमच्या कोनांना. जरा वेळानं तिनं विचारलं, "लांबून वास घेतला तर चालतो का?"

केतकी हसली. रडल्यासारखं हसली. "लांबून चालतो."

मग ताट फळीवरून उतरलं. निनादनं एकेक स्कोन फोडून धरला आणि पोर हात पाठीमागं बांधून, डोळे मिटून, त्या उबदार, लोण्याच्या सुगंधात उभी राहिली. "हा जास्त भाजलाय. हा गोड आहे. बाबा, हा तू खा, मी सांगते कसा आहे ते." निनादनं चार खाल्ले. ती आपल्या डब्यातला इडलीचा तुकडा चावत चव सांगत राहिली.

ओवाळायची वेळ आली तेव्हा अंबुताईंनी हात साबणानं तीनदा धुतले आणि दिव्यांकडे न जाता नुसतंच निरांजन उचललं. केतकीनं त्यांचा हात थांबवला. "दिवेच घ्या, आत्या. ती शिवणार नाही. ज्योत काही बाधत नाही." दोन कणकेच्या चोचींतून दोन ज्योती उमलल्या, पोरीच्या डोळ्यांत चार झाल्या, आणि त्या चार ज्योतींत एक पिकलेला, सुरकुतलेला चेहरा गोल गोल फिरत राहिला.

तास संपला. तास संपतातच. गाडीत बसताना केतकी काच खाली करून म्हणाली, "परीक्षा झाल्या की चार दिवस सोडते हिला. पीठ तुम्ही दोघी मिळून दळा. आणि ती देवाची डबीसुद्धा भाभींकडे, बरं का."

"दिवे तांदळाचे करीन," अंबुताई म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या.

वळणावर गाडीचा लाल दिवा दिसला, मग दिसला नाही. परीक्षा चैत्रात संपतात. मध्ये सारा फाल्गुन. दुपारी दोन खोल्यांत आवाज नसतो. एक पाट, दोन भांडी, आणि भिंतीवर कॅलेंडर. उरलेला प्रसाद पदराखाली घेऊन अंबुताई मंदिराकडे निघाल्या. झाडांच्या सावल्या लांबल्या होत्या, आणि त्या सावल्यांतून एकच सावली चालत होती.

झालं, मायबाप. टाळ निघाले, बुवा उभे राहताहेत. जाता जाता एवढं मागणं: कीर्तन संपेल, प्रसादाची परात फिरेल, आणि कुठंतरी कडेला एखादं लेकरू हात मागं घेईल. त्याला आग्रह करू नका. "एवढासा" म्हणू नका. त्याच्याकडे बघून हसा, आणि आमच्या अंबुताईंना आठवा. त्या तिकडे, दाराजवळच्या ओळीत बसल्यात. धुतलेले हात मांडीवर, डोळे मिटलेले, ओठ हलताहेत. गळा शंभरांत मिसळायचाय, आणि फाल्गुन अजून लागायचाय.