गादीखालचा कागद

"केवढं हे उंच धूड! नुसती अडगळ," लल्ला जाझिया पुटपुटल्या आणि त्यांनी आणखी दोन गोधड्या माझ्या अंगावर टाकल्या.

ती अडगळ म्हणजे मीच, मित्रांनो. मी वाळवंटाकाठच्या तोझर गावातल्या, खजूरबागेतल्या एका घरातला जुना पलंग आहे. माझी गोष्ट लहानांसाठी नाही, जाणत्यांनी ऐकावी. सांगताना मला लाज वाटते, पण न सांगण्याने काय होतं तेही मी पाहिलंय.

फळ देईनाशा झालेल्या एका खजुराच्या बुंध्यातून हमादी सुताराने मला घडवलं. खजुराचं लाकूड म्हणजे नुसते तंतू, करवतीचे दात खातं. त्याने शिव्या घालत घालतच मला उंच, रुबाबदार केलं. मी तिजानी आणि मब्रूकाच्या लग्नाचा. तिजानी झाडांवर चढायचा. वसंतात फळ धरावं म्हणून नर झाडाचा फुलोरा वर नेऊन मादी झाडाच्या फुलोऱ्यात बांधायचा. लोक म्हणत, "आला बघा झाडांचा काझी! सकाळपासून किती लग्नं लावलीस रे?"

पहिली चार वर्षं माझ्या भाग्याची. दुपारी ऊन तापलं की सारा गाव दारं लावून आडवा होई. मी तेवढा कुरकुरायचो. मग शेजारच्या खोलीत तिजानीच्या आई, म्हणजे लल्ला जाझिया, खोकायच्या आणि ही दोघं तोंडात उशी कोंबून हसायची.

मग एका वसंतात तिजानी झाडावरून पडला. फुलोरा हातातच होता म्हणे. पाठीच्या कण्यातली दोरी दुखावली आणि कमरेखालचं अंग परकं झालं. माझ्याच भाऊबंदाने त्याला खाली टाकलं, ही माझी पहिली लाज.

दुसरी लाज माझ्या उंचीची. सात महिन्यांनी तो राजधानीच्या इस्पितळातून चाकांच्या खुर्चीत परतला. मब्रूकाच्या आधाराने त्याने माझ्यावर यायचा प्रयत्न केला. खुर्चीपासून माझी कड वीतभर उंच. दोघंही जमिनीवर आली. "उद्या बघू," तिजानी म्हणाला. तो उद्या काही उगवला नाही. बाहेरच्या खोलीत लोखंडी खाट आली आणि तिच्याशेजारी जमिनीवर मब्रूकाची चटई. ती त्याची कूस बदलायची, जखमा होऊ नयेत म्हणून कातडी तपासायची, लघवीची नळी सांभाळायची. तिच्या हातांना त्याचं अंग न् अंग पाठ झालं, पण ते हात औषधाचे झाले.

इस्पितळाच्या कागदांत एक घडी केलेला कागद होता. आल्या दिवशीच तिजानीने तो माझ्या गादीखाली सारला. नवरा-बायकोचं सुख संपत नाही, त्याच्या वाटा बदलतात, असं त्यात लिहिलं होतं. मान, कान, तळहात नव्याने बोलू लागतात. औषधं आहेत, उपाय आहेत, मूलबाळही होऊ शकतं. डॉक्टरांना विचारा, पण आधी एकमेकांशी बोला.

आठवड्याने गादीला ऊन दाखवताना मब्रूकाला तो सापडला. तिने उभ्याउभ्या वाचला आणि होता तसाच ठेवला. ती विहिरीवर गेली की तो खुर्ची ढकलत यायचा, वाचायचा. तो डुलकी घेत असला की ती यायची. दोन वर्षं, मित्रांनो! एकच गुपित आणि दोन राखणदार. आणि मी, ज्याने नको तेव्हा कुरकुर केली, तो नेमका आता मुका.

शेवटी लल्लांनी मला भाच्याच्या लग्नात द्यायचं ठरवलं. तिजानी भिंतीकडे बघत म्हणाला, "न्या. इथं कोणाला लागतो?"

सांधे सोडवायला हमादीच आला. त्याने गादी उचलली आणि कागद खाली पडला. उचलून दोन ओळी वाचताच म्हाताऱ्याचे कान लाल झाले.

"हे... कोणाचं?"

"माझं," दोघं एकदम म्हणाली.

मग दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. लल्ला खोकल्या. कोणी हसलं नाही.

मित्रांनो, घरातली वस्तू टाकण्याआधी ती कोणाला हवी आहे ते विचारत जा. आणि दुखावलेल्या माणसाला फक्त जेवलास का, एवढंच विचारू नका.

"हमादीकाका, पलंग न्यायचा नाही," मब्रूका म्हणाली. "पाय कापा. खुर्चीच्या उंचीला आणा."

"पोरी, कापलेले पाय परत जोडता येत नाहीत. कशासाठी कापायचे?"

तिने पदराशी चाळा केला. मग सासूसमोर, सुतारासमोर मान वर केली. "दोन वर्षं मी ह्यांची नर्स आहे, काका. मला पुन्हा बायको व्हायचंय."

लल्ला दाराकडे वळल्या आणि जाता जाता सुताराला म्हणाल्या, "ऐकलंस ना? मग करवत काढ."

तिजानीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. तसाच तो म्हणाला, "आणि मला काही जमलं नाही तर, मब्रूका?"

"तर हसू," ती म्हणाली. "उशी आहेच."