शांती कोणाला देणार?

शलीमूनने त्या आठवड्यात स्वीडनला फोन लावले, जर्मनीला लावले, पार सिडनीपर्यंत फोन फिरवला; आणि एवढं करून हाताला एक माणूस लागेना. मदतीला काय, सगळे तयार! भाचा तर फोनवरच उसळला, "मामा, वेदीला संगमरवर लावून देऊ का? फोटो पाठवा, पुढचं मी बघतो."

"संगमरवर काय 'आमेन' म्हणणार आहे का रे, गाढवा? रविवारी उभं राहायला माणूस पाहिजे. तू ये."

"मामा, मुलांच्या शाळा आहेत…"

"असू देत शाळा," म्हणत शलीमूनने फोन ठेवला.

खाबूर नदीकाठच्या त्या ख्रिस्ती गावात एके काळी सणाला देवळात पाय ठेवायला जागा नसे. मग काळे झेंडेवाले बंदूकधारी आले, गाव नेसत्या वस्त्रांनिशी उठलं, आणि परदेशी गेले ते गेलेच. परतली दोन माणसं. एक शलीमून, वय पंचाहत्तर, देवळाची किल्ली जपणारा. दुसरी शेजारच्या घरातली त्याची विधवा वहिनी, शमिरान.

पाद्री ओदिशोंच्या गळ्यात अशी तीसेक गावं होती. बिशपांचा निरोप त्यांनी चाचरतच सांगितला होता. जिथं लोक उरले नाहीत तिथली वेदी उतरवायची, भांडी नि प्रसादाच्या भाकरीचं पवित्र खमीर बिशपांकडे जमा करायचं.

"मी आहे ना!" शलीमून खवळला होता.

"मामा," पाद्रीबाबा म्हणाले, "एक माणूस म्हणजे मंडळी नव्हे. उपासनेत शांती माझ्या हातातून डीकनच्या हातात जाते, त्याच्या हातातून तुमच्या. पुढं तुम्ही ती कोणाला देणार? भिंतीला? ईस्टरनंतरच्या रविवारी मी येतो. शांती घ्यायला दुसरं माणूस उभं राहू द्या, वेदी राहील. बिशपांना मी सांगतो."

आता गावात दुसरं माणूस कोण? आणि तिच्याशी तर शलीमून एकतीस वर्षं बोलला नव्हता. दोन घरांत एक भिंत, दोघांना विहीर एक, आणि शब्द नाही. काय म्हणावं असल्या माणसांना!

भांडण तारखेचं. सण नव्या तारखेनं करायचे की जुन्या, यावरून त्यांची मंडळी फार पूर्वी दुभंगली होती. शलीमून नव्या तारखेचा, थोरला भाऊ बर्खो लग्नानंतर जुन्या तारखेचा झाला. बायकोनं फितवलं, असं शलीमूनचं म्हणणं. तो बर्खो वारला तो नेमका नव्या तारखेच्या ईस्टरला. जुन्या तारखेवाल्यांचा अजून उपास चालू होता. देऊळ गावात एकच. त्यांनी शवपेटी तिथं आणली, तर शलीमून दारात आडवा. "आज आमचा सण आहे. रडारड आत नको. तुमच्या तारखेला या." सख्खा भाऊ दोन तास उन्हात पडून होता. प्रार्थना अखेर बाहेर, तुतीच्या झाडाखाली झाली. गाव बघत होतं, आणि एकाचीही जीभ उचलली नाही.

शनिवारी शलीमूनने वहिनीचं दार वाजवलं. ती गव्हाचा भरडा निवडत बसली होती.

"वाट चुकलात की काय, भाऊजी?"

"वहिनी, उद्या देवळात ये. तू आलीस तर वेदी राहील."

"मी जुन्या तारखेची. तुमच्या ईस्टरचं मला काय?"

"तारखा गेल्या चुलीत! दोन माणसांना कसली आली तारीख?"

शमिरान हसली, पण हसू तोंडापुरतं होतं. "हे सुचायला एवढी वर्षं लागली होय?"

माफी मागायची वेळ ती होती. शब्द ओठांवर आलासुद्धा. पण मेला स्वभाव! तो म्हणाला, "मागचं उगाळून काय मिळणार?"

तिनं दोन खडे वेचून बाजूला टाकले. मग म्हणाली, "येईन. त्या देवळात माझा बाप्तिस्मा झालाय. तुमच्यासाठी नाही येत."

ती आली. डोक्याला काळा रुमाल बांधून, वेळेआधी. पाद्रीबाबांचा चेहरा उजळला. त्यांनी म्हटलं की दोघं उत्तर देत. त्याचा घोगरा आवाज, तिचा बारीक. शलीमूनचं मन भरून आलं. झालं म्हणायचं, राहिली वेदी!

मग शांती निघाली. पाद्रीबाबांनी सोबत आलेल्या मदतनीस डीकनचे हात हातांत घेतले, डीकन खाली आला, त्याने शलीमूनचे घेतले. शलीमूनने बोटं ओठांना लावली आणि वहिनीकडे वळून दोन्ही हात पुढं केले.

शमिरानचे हात पोटाशी बांधलेले होते. ते तिथंच राहिले.

"वहिनी," तो पुटपुटला.

"मी मनापासून आले होते, भाऊजी. देवाशपथ. पण हात उठत नाहीत हो." तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं.

"चुकलं माझं. बर्खोच्या वेळी… फार चुकलं. पाया पडतो तुझ्या."

"सगळ्या गावासमोर दार अडवलंत तुम्ही. आता माफी कोणासमोर मागताय? ज्यांनी ऐकायची, ते आहेत कुठं?"

शलीमूनने मागं वळून पाहिलं. रिकामे बाक होते, नुसते. त्याचे हात अजून पुढंच होते.

पाद्रीबाबा थांबले. पुन्हा एकदा त्यांनी तेच वाक्य म्हटलं, एकमेकांना शांती द्या. हात जुळले नाहीत. मग त्यांनी पुस्तक मिटलं, मेणबत्त्या विझवल्या. त्यांना ओरडता आलं असतं, रागावता आलं असतं. पण त्या चांगल्या माणसाला रडूच आलं.

भांडी पेटीत गेली, खमिराचा डबा गेला. शेवटी वेदीपुढचा पडदा सारून त्यांनी वरचं कापड बाहेर आणलं. डीकन पेटी घेऊन गाडीकडे गेला होता. कापड लांबरुंद, एकट्याला आवरेना.

"जरा धरता का?" पाद्रीबाबा म्हणाले.

दोन टोकं शलीमूनने धरली, दोन शमिरानने. घडी घालायला दोघं एकमेकांकडे चालत आली. टोकाला टोक जुळलं तेव्हा हाताला हात लागला. तिनं तो मागं घेतला नाही. थोडा वेळ दोघं तशीच उभी राहिली, आणि त्यांच्यामागं वेदी उघडी दगडाची झाली होती.